वाचक विचारतात : काल रात्रीतच अडकलेला कॉम्प्युटर

पावसाळा लागला की या सदराकडे घड्याळाच्या तक्रारी येऊ लागतात. वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि कॉम्प्युटर तारीख विसरतो. त्याच गठ्ठ्यात या खेपेला ‘/डेव्ह’ या लिनक्सच्या उपकरणांच्या फोल्डरमधल्या फाइलींबद्दलचीही पत्रं आहेत, म्हणून दोन्ही एकत्र घेते. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको.

प्रश्न : ताई, नातवाने माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकून दिलं आहे. उत्तम चालतं. पण हल्ली सकाळी सुरू केला की घड्याळ काल रात्री बंद केल्याची वेळ दाखवतं. रात्री साडेनऊला बंद केला तर सकाळी साडेसहालाही साडेनऊच! राउटर लावला की मिनिटभरात आपोआप ठीक होतं. शिवाय सुरू होताना काळ्या पडद्यावर डिस्कबद्दल काहीतरी इंग्रजी ओळ झरकन येऊन जाते. दुरुस्तीवाला म्हणतो, हार्ड डिस्क संपत आली, नवी एसएसडी घ्या. घ्यावी का?
— एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर

उत्तर : सर, इतक्यात घेऊ नका. तुमच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला आहे. वडापाव आणि चहाच्या खर्चात येतो.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं. तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, मनगटावरच्या घड्याळातही बहुधा तोच असतो. दुसरं घड्याळ लिनक्सच्या कर्नेलचं, म्हणजे त्याच्या गाभ्याचं, जे फक्त कॉम्प्युटर चालू असताना चालतं. सुरू होताना कर्नेल पहिल्याकडून एकदा वेळ विचारून घेतो आणि मग स्वतःच मोजत बसतो. सेल गेला की पहिलं घड्याळ बायोसच्या आरंभीच्या तारखेला जाऊन पडतं. बोर्डाप्रमाणे ती २०१० असेल, २०१५ असेल.

मग तुम्हाला २०१५ का दिसत नाही, नेमकी काल रात्र का दिसते? हाच तुमच्या पत्रातला मोलाचा धागा. मिंटमध्ये ‘सिस्टमडी-टाइमसिंकडी’ नावाचा एक मदतनीस असतो. इंटरनेटवरून वेळ जुळवणं हे त्याचं मुख्य काम, पण तो शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवूनही ठेवतो. सकाळी उठल्यावर बोर्डाचं घड्याळ नोंदीपेक्षा मागे दिसलं, तर तो म्हणतो की वेळ काही मागे जात नाही, आणि घड्याळ निदान नोंदीपर्यंत पुढे ओढतो. मधले नऊ तास त्याला कळायला मार्ग नाही. राउटर लागला की कळतात.

आणि ती काळ्या पडद्यावरची ओळ. फाइल सिस्टिमची तपासणी या मदतनिसाच्या आधी होते. त्या क्षणी कर्नेल २०१५ मध्ये असतो आणि डिस्कवर लिहिलेलं असतं की हिला शेवटचं काल जोडलं होतं. म्हणून तपासनीस ओरडतो, ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’. शेवटी ‘फिक्स्ड’ म्हणून पुढेही जातो. उद्या फोनने त्या ओळीचा फोटो काढा. हेच शब्द असतील तर डिस्कवर आळ घेण्याचं कारण नाही. तरी मनात शंका राहायला नको, म्हणून ‘सुडो स्मार्टसीटीएल -एच /डेव्ह/एसडीए’ (एच कॅपिटल) देऊन डिस्कची तब्येत तिलाच विचारा. कमांड सापडली नाही तर ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकून घ्या. ‘पास्ड’ आलं आणि ‘-ए’ लावून येणाऱ्या तक्त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर’च्या ओळीला शेवटी शून्य असलं, तर नव्या डिस्कचे पैसे राखून ठेवा. ओळ न वाचताच गिऱ्हाइकाच्या गळ्यात डिस्क मारणारे बरेच भेटतात.

आता एक अंदाज. झोपताना तुम्ही भिंतीवरचं बटणही बंद करत असणार. आपल्या पिढीला ती शिस्तच आहे. पण बटण चालू असेल तर कॉम्प्युटर ‘बंद’ असतानाही पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टचा बारीक पुरवठा बोर्डाला चालू राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. म्हणून खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे एक रात्र बटण चालूच ठेवा. सकाळी राउटर न लावता वेळ बरोबर आली, तर सेलच गेला.

सेलवर ‘सीआर २०३२’ लिहिलेलं असतं, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. कधीकधी दुकानदार ‘२०२५ पण चालतो हो’ म्हणून पातळ सेल पुढे करतो. तो घेऊ नका, खाचेत सैल बसतो. बटण बंद, वायर काढलेली, मग बाजूची छोटी पट्टी नखाने दाबली की जुना सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मल्टिमीटर असेल तर नवा सेल तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. जुना अडीचच्या खाली गेला असेल तर त्याला निरोप द्या. मग इंटरनेट लावून अर्धा तास चालू ठेवा. वेळ जुळलेली असली की कर्नेल साधारण दर अकरा मिनिटांनी स्वतःच ती बोर्डाच्या घड्याळात लिहितो. घाई असेल तर ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिस्टोएचसी’.

प्रश्न : ताई, लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटूतून विंडोजमध्ये आलो की वेळ मागे. काल दहाच्या ऑनलाइन टेस्टला वेळेत बसलो, तर स्क्रीनवर पहाटेचे साडेचार! सेल बदलू का?
— एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : फरक किती ते मोज. दहाला साडेचार म्हणजे बरोबर साडेपाच तास. संपलेला सेल इतका हिशेबी नसतो. साडेपाच तासांचा फरक दिसला की सेलचा विचार सोडून द्यायचा. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज भारतीय वेळ ठेवतो, आणि दोघंही एकमेकांचं खोडतात.

दोघांपैकी एकालाच बदल. माझं मत, विंडोजला बदल. रजिस्ट्रीत ‘टाइमझोनइन्फर्मेशन’खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ दे. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर उबुंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. ते इशारा देईल. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे त्या इशाऱ्याला अर्थ आहे. आपल्याकडे तसं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलं होतं, हल्ली करत नाहीत. त्यामुळे तुझं काही अडणार नाही. पण दोन्ही उपाय एकदम करू नकोस, नाहीतर घोळ उलट्या बाजूने सुरू होईल.

प्रश्न : मॅडम, शाळेच्या लॅबसाठी पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या कमांडने लिहीत होतो. पहिला पेनड्राइव्ह झाला, सावकाश झाला, पण झाला. मग दुसरा लावून अप ॲरो दाबून तीच ‘डीडी’ कमांड पुन्हा दिली. या वेळी काही सेकंदांत संपली! मला आनंद झाला. पण या पेनड्राइव्हवरून काहीच बूट होत नाही, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरही जड झाला आहे. पेनड्राइव्ह बनावट निघाला का?
— एक लॅब असिस्टंट, हडपसर

उत्तर : पेनड्राइव्हवर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नाही. तुमची तीन जीबीची आयएसओ रॅममध्ये जाऊन बसली आहे.

लिनक्समध्ये ‘/डेव्ह/एसडीबी’ ही खरी फाइल नसते. /डेव्हमधली नावं म्हणजे दारावरच्या पाट्या. पाटीवर दोन आकडे असतात, त्यावरून कर्नेलला कळतं की या नावाने आलेला माणूस कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा. एसडीबीचे आकडे ८ आणि १६, एसडीसीचे ८ आणि ३२. उपकरण काढलं की कर्नेल पाटीही काढतो.

तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगते. पहिला पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढला. फाइल मॅनेजरने त्याचा एखादा भाग उघडा धरून ठेवला होता, म्हणून आतल्या हिशेबात ते नाव मोकळं झालं नाही, आणि दुसरा पेनड्राइव्ह एसडीसी म्हणून आला. /डेव्हमध्ये एसडीबीची पाटी आता नव्हतीच. पण तुम्ही सुडो लावून ‘ओएफ=/डेव्ह/एसडीबी’ म्हणालात. डीडीला दिसलं की या नावाचं काही नाही, म्हणून त्याने त्या नावाची साधी फाइल तयार केली आणि आयएसओ तिच्यात ओतली. /डेव्ह हे संपूर्ण रॅममध्ये राहतं. म्हणून इतकं झटपट झालं आणि म्हणूनच मशीन जड झालं. (फेडोरासारख्या काही ठिकाणी /डेव्हला जेमतेम ४ एमबीची मर्यादा असते. तिथे लगेच ‘जागा नाही’ अशी चूक आली असती आणि तुमचा गैरसमज तिथेच मिटला असता. मिंट-उबुंटूत मर्यादा रॅमच्या निम्मी असते.)

हे डोळ्यांनी बघून घ्या. ‘एलएस -एल /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीसी’ द्या आणि प्रत्येक ओळीचं सगळ्यात पहिलं अक्षर बघा. एसडीसीच्या ओळीची सुरुवात ‘बी’ने असेल, म्हणजे ब्लॉक उपकरण. गट ‘डिस्क’, आणि जिथे एरवी फाइलचा आकार छापला जातो तिथे ‘८, ३२’ अशी स्वल्पविरामाची जोडी. एसडीबीच्या ओळीत पहिल्या जागी नुसती आडवी रेघ, आणि आकाराच्या जागी तीन अब्जांच्या घरातली लांबलचक संख्या. आडवी रेघ म्हणजे साधी फाइल. /डेव्हमध्ये थेट अशी फाइल दिसली की समजावं, कुणाचा तरी हात चुकला आहे.

आडवी रेघच आहे याची खात्री झाल्यावरच ‘सुडो आरएम /डेव्ह/एसडीबी’ द्या. रॅम त्याच क्षणी मोकळी होईल. ती फाइल तशीच ठेवली तर पुढे कधी एसडीबी या नावाने पेनड्राइव्ह आला की त्याची जागा अडलेली असेल आणि नवा गोंधळ. कॉम्प्युटर रीस्टार्ट केलात तरी ती जाते, कारण /डेव्ह दर वेळी नव्याने मांडलं जातं.

पुढच्या पेनड्राइव्हला डीडीत ‘कॉन्व्ह=नोक्रिएट,एफसिंक’ जोडा. नोक्रिएट (टाइप करताना शेवटी ‘ई’ नाही) म्हणजे फाइल नसेल तर तयार करू नको, चूक दाखवून थांब. एफसिंक म्हणजे सगळं खरोखर लिहून होईपर्यंत ‘झालं’ म्हणू नको. आणि दर वेळी आधी ‘एलएसबीएलके’ देऊन आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा. अप ॲरो ही लॅबमधली सगळ्यात धोक्याची कळ आहे. तुमच्या बाबतीत एसडीबी नव्हतं म्हणून निभावलं. त्या नावावर शाळेच्या निकालांची बॅकअप डिस्क बसलेली असती तर पत्राचा सूर वेगळा असता.

याच जातीचा आजार ‘/डेव्ह/नल’ला होतो. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चाललेली एखादी स्क्रिप्ट तिथे एखादी फाइल ‘एमव्ही’ करते, पाटी उडते आणि तिच्या जागी साधी फाइल बसते. मग इतर युजरना भलत्याच प्रोग्रॅममधून ‘/डेव्ह/नल : परमिशन डिनाइड’ दिसू लागतं आणि कुणालाच काही कळत नाही. उपाय तोच. पहिलं अक्षर बघा. तिथे ‘सी’ हवं, कॅरेक्टर उपकरणाचं. आडवी रेघ असेल तर फाइल काढून ‘सुडो एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल सी १ ३’. ते १ आणि ३ ठरलेले आहेत, सगळीकडे तेच.

प्रश्न : नमस्कार. आमच्या सोसायटीचा पंप एका सभासदाने रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर बसवून दिला आहे. ठरलेल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅममध्ये सुरू ५:३०, बंद ६:१५. तो सभासद परदेशी गेला. रात्री वीज गेली की सकाळी कधी पाणी चढतच नाही, तर कधी सात वाजता पंप खट्कन चालू होऊन लगेच बंद. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ दिलं तर म्हणतं, हार्डवेअर घड्याळापर्यंत कुठल्याच मार्गाने पोहोचता येत नाही. बोर्ड जळला का?
— सोसायटीचे सेक्रेटरी, वारजे

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे. पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं, म्हणून ‘/डेव्ह/आरटीसी०’ ही नसते, म्हणून ती तक्रार. पाय ५ मध्ये घड्याळ आलं आहे, बॅटरी मात्र वेगळी घेऊन जोडावी लागते.

वीज गेल्यावर तुमचा पाय शेवटी नोंदलेल्या वेळेपासून पुढे मोजतो आणि इंटरनेट मिळालं की एकदम उडी मारतो. ही उडी किती मोठी, यावर तुमच्या पंपाचं नशीब ठरतं. डेबियनच्या क्रॉनचा नियम असा आहे : घड्याळ तीन तासांहून कमी पुढे सरकलं तर मधे चुकलेली ठरलेल्या वेळेची कामं तो लगेच उरकतो. तीन तासांहून जास्त सरकलं तर ती दुरुस्ती समजून चुकलेली कामं सोडून देतो. आता लावून बघा. साडेचारला वीज गेली, सातला आली, उडी अडीच तासांची. क्रॉनने साडेपाचचं ‘सुरू’ आणि सव्वासहाचं ‘बंद’ पाठोपाठ उरकलं, म्हणून खट् करून बंद. अडीचला गेली, सातला आली, उडी साडेचार तासांची. दोन्ही सोडून दिली, पाणी नाही.

डीएस३२३१ चिप असलेला घड्याळाचा छोटा बोर्ड आणून लावा. वर्षाला साधारण मिनिटभराच्या आत चूक असते, पंपाला पुष्कळ झालं. पायच्या पिना १, ३, ५ आणि ९, म्हणजे ३.३ व्होल्ट, डेटा, क्लॉक आणि ग्राउंड. पाच व्होल्टच्या पिनेला लावू नका. बाजारात मिळणाऱ्या निळ्या बोर्डांवर बऱ्याचदा सेल चार्ज करायचं सर्किट असतं. त्यात रिचार्ज होणारा एलआयआर २०३२ घालावा. साधा सीआर २०३२ चार्ज करायचा नसतो. मग रास्पी-कॉन्फिगमधून आय२सी (चिपशी बोलायची दोन तारांची वाट) चालू करा, कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ घाला, शेवटची वेळ नोंदवून ठेवणारं ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ हे पॅकेज काढून टाका आणि रीस्टार्ट करा. ‘आय२सीडिटेक्ट -वाय १’ दिल्यावर ६८ च्या घरात ‘यूयू’ दिसलं म्हणजे ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली. इंटरनेट असताना एकदा सिस्टोएचसी द्या.

आणि सेक्रेटरी साहेब, टाकीत फ्लोट स्विच बसवाच. टाकी भरली की नाही हे घड्याळाला कधीच कळणार नाही.

प्रश्न : दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सीरियल केबलने लिनक्सच्या बिलिंगला जोडला आहे. रोज सकाळी ‘परमिशन डिनाइड’. कुणीतरी ‘सीएचमॉड ७७७ /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ शिकवलं. ते दिलं की चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
— सुक्या मेव्याचे व्यापारी, रविवार पेठ

उत्तर : वर लिहिलंच आहे, /डेव्ह रोज नव्याने मांडलं जातं, मग तुमचं ७७७ टिकणार कसं? ते टिकत नाही हेच बरं. ‘एलएस -एल’मध्ये त्या फाइलचा गट बघा. डेबियन-उबुंटूत तो ‘डायलआउट’ असतो. बिलिंगला बसणाऱ्या युजरला एकदा ‘सुडो युजरमॉड -एजी डायलआउट’ (ए लहान, जी कॅपिटल) आणि पुढे युजरचं नाव देऊन त्या गटात घाला. लॉगआउट करून परत या, त्याशिवाय लागू होत नाही. त्या ‘ए’कडे लक्ष असू द्या. तो राहिला तर युजर बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो, सुडोच्याही.

पुढे बारकोड स्कॅनर वगैरे लावलात आणि काट्याचं नाव यूएसबी१ झालं, तर बिलिंगमध्ये ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’मधलं लांबलचक नाव द्या. ते क्रमावर अवलंबून नसतं. सारख्याच दोन स्वस्त केबल असतील तर ‘बाय-पाथ’मधलं द्या आणि काट्याची केबल नेहमी त्याच खाचेत लावा.

प्रश्न : मॅडम, उबुंटू २२.०४ वर आर्डुइनो या प्रयोगाच्या बोर्डाचा स्वस्त क्लोन लावला की टीटीवाययूएसबी० क्षणभर येतं आणि गायब होतं. डायलआउटमध्ये आहे. केबल बदलून झाली.
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : बोर्ड लावून लगेच ‘सुडो डीमेसेज’ दे आणि शेवटच्या ओळी वाच. तिथे ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसेल. तो ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम आहे. तुझ्या क्लोनवरच्या सीएच३४० चिपचा ओळख क्रमांक, १ए८६:७५२३, काही ब्रेल उपकरणांशी जुळतो, म्हणून तो तुझा बोर्ड ब्रेल डिस्प्ले समजून काढून घेतो. ‘सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’ केलंस की बोर्ड तुझ्याकडे राहील. मात्र हा कॉम्प्युटर कॉलेजचा असेल आणि त्यावर ब्रेल डिस्प्ले वापरणारं कुणी बसत असेल, तर पॅकेज काढू नकोस. लॅबच्या सरांना सांगून त्याच्या यूडेव्ह नियमांतली (उपकरण लागलं की काय करायचं ते ठरवणारे नियम) फक्त या क्रमांकाची ओळ बंद करून घे.